कार्ड नंबर सात

बाईंच्या वर्गात फळ्याच्या डाव्या बाजूला इंग्रजीतून मरण्याचे बेचाळीस प्रकार लिहिलेले होते आणि ते कुणी पुसायचे नाहीत असा सक्त हुकूम होता. पास्ड अवे, नो मोअर, ब्रीद्ड हिज लास्ट हे सभ्य लोकांचे शब्द वर; किक्ड द बकेट आणि असले टवाळांचे खाली. उजव्या बाजूला कामाचे शब्द. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रोग हटणार नाही हे मान्य करून माणसाला आराम पडावा म्हणून केलेली शुश्रूषा. प्रोग्नोसिस, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा डॉक्टरी अंदाज. डीएनआर, म्हणजे हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करायच्या भानगडीत कुणी पडू नका, असं आधीच लिहून ठेवणं. हा धडा सातवा. सहाव्यात जेवणखाण आणि पथ्यपाणी होतं, तेव्हा मुलं जांभया देत. सातव्यात कुणाची जांभई देण्याची हिंमत होत नसे.

बाईंकडे परदेशी नोकरीला निघालेल्या नर्स इंग्रजी शिकायला यायच्या. त्यांची तोंडी परीक्षा म्हणजे एक नाटकच असायचं. हातात कार्ड, समोर भाड्याने आणलेला खोटा पेशंट, आणि पाच मिनिटांत त्याला त्याच्या जन्मातली सर्वांत वाईट बातमी शुद्ध व्याकरणात सांगायची. बाई या कामात वाकबगार होत्या. त्या पहिल्याच दिवशी सांगत, "डावी बाजू ओळखण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही. ते शब्द नातेवाईक बोलतील. तुम्ही सरळ 'डाइंग' म्हणायचं. गोलगोल बोललात तर माणूस समजतो की आपण सुधारतोय, आणि घरी जाऊन नवे बूट घेतो. एकदा सांगितलंत की तोंड मिटायचं आणि मनात सातपर्यंत मोजायचं. त्या शांततेत घुसायचं नाही." नाटक सुरू झालं की पाच मिनिटांची घंटी वाजेपर्यंत कुणी, अगदी बाईंनीसुद्धा, मध्ये बोलायचं नाही, हाही नियम त्यांचाच होता.

हे झालं वर्गात. घरी बाबांच्या स्वादुपिंडात कॅन्सर होता, तो लिव्हरपर्यंत पोचला होता, आणि घरी त्याला 'सूज' म्हणत.

सूज हा शब्द दादाने काढला होता. दादा, म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, विमानाने नऊ तासांवर राहत होता आणि नऊ तासांवरून माणसाला सगळं कसं स्वच्छ दिसतं. बाबांना कळलं तर ते धसका घेतील, हे त्याला तिथून दिसलं. शक्य ते सगळं केलं पाहिजे, हेही दिसलं. बाई जवळ होत्या, म्हणून त्यांना फक्त बाबांची सैल होत चाललेली पँट आणि पिवळे पडत चाललेले डोळे दिसत होते. सूज म्हणायला सोपं होतं. मग सूज उतरवायच्या गोळ्या आल्या, सूज मोजायचे फोटो आले, आणि आता सोमवारी सकाळी आठ वाजता सूज बघायला 'तीन दिवसांची तपासणी' ठरली होती. ती तपासणी नव्हती, मोठं ऑपरेशन होतं.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी दोन्ही वाटा समोर मांडल्या होत्या. ऑपरेशन केलं तर काही आठवडे जास्त मिळतील, कदाचित, पण ते बरेचसे आयसीयूतच जातील. नाही केलं तर घरी, दुखण्यावर औषध, जोडीला एक नर्स. "त्यांना काय हवंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आम्ही त्यांना सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग सोमवारी सही करायच्या आधी सांगा. पोट त्यांचं आहे."

बाई बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन बसल्या. बाबा आत फोटोला गेले होते. मांडीवर त्यांची फाईल होती आणि फाईलवर वर्गासाठीची नवी कार्डं, जी संध्याकाळपर्यंत छापायला द्यायची होती. सहा झाली होती. सातवं काही केल्या सुचेना. खोटा पेशंट रचायला डोकं लागतं आणि बाईंचं सगळं डोकं घरी खर्च होत होतं. शेवटी त्यांनी फाईल उघडली आणि सरळ उतरवून काढलं. आपण नुसतीच नक्कल केली, असं वाटायला नको म्हणून पेशंटला टपाल खात्यातला निवृत्त कारकून केलं आणि मुलीला ग्रंथपाल. बाकी सगळं तस्संच. खाज, गोळ्या, सोमवार, परदेशातला मुलगा, सूज. वर्गातला शिपाई नेहमी पेशंट व्हायचा, तो हे कार्ड वाचेल, रडक्या आवाजात खोकेल आणि विसरून जाईल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

रविवारी सकाळी वर्गाच्या वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. शिपाई बादल्या घेऊन तिकडे अडकला, बेचाळीस प्रकार फळ्यावरून वाहून गेले, आणि परीक्षा दहा दिवसांवर आलेली, म्हणून तीन विद्यार्थी दुपारी बाईंच्या घरी आले. एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, ज्याला शब्दकोश पाठ होता. एक बाळंतिणींच्या वॉर्डातली, चौदा वर्षं तिथेच काढलेली, तिला सगळे बाळंतवाली म्हणत. आणि तिसरी आयसीयूतली. तिला नावाने हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, तिला आयसीयूच म्हणायचे. ती तोंडी परीक्षेत दोनदा आपटली होती, कारण ती बोलायचीच कमी.

"पण पेशंट कोण होणार?" बाळंतवालीने विचारलं.

"मी आहे की," आतल्या दारातून आवाज आला.

बाबा स्वेटर घालून, एका हाताने दाराची चौकट धरून उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक म्हणून काढली होती, नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर पॅड घेऊन. गावाने त्यांचं नाव नापासराव ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषणात स्वतःच ते वापरलं होतं. एका मंत्र्याच्या मेव्हण्याला त्यांनी चारदा नापास केलं होतं आणि पाचव्यांदा तो सायकलवर आला.

"बाबा, तुम्ही आराम करा," बाई म्हणाल्या.

"सूज बसल्यावरही तेवढीच राहते," बाबा म्हणाले आणि आरामखुर्चीत बसले. "आणि मला पेशंटचा सराव आहे. दोन महिने दुसरं काय करतोय? ते जुनं पॅड दे इकडे. मार्क मी देणार."

बाईंना त्या क्षणी कार्ड नंबर सात आठवायला हवं होतं. त्यांना आठवलं ते घरात साखर नाही हे. कार्डांचं पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं, एक अर्धा भाग नर्सने घ्यायचा, दुसरा पेशंटला द्यायचा, असं बाबांना समजावलं, आणि शेजारणीकडे वाटी घेऊन गेल्या. परत येऊन चहा टाकेपर्यंत बाहेर परीक्षा सुरूही झाली होती.

पहिला ब्रदर. सगळं इंग्रजीत चाललं होतं, पण त्याचा अर्थ असा होता: "आदरणीय महोदय, आपला जीवनप्रवास आता एका स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला असून आम्ही आपल्याला सर्वांगीण सहकार्य..."

"तू मला मरण देतोयस की बढती?" बाबांनी विचारलं.

ब्रदरची बोबडी वळली. घंटी वाजेपर्यंत तो स्थित्यंतराच्या पुढे सरकला नाही. बाबांनी पॅडवर काहीतरी खरडलं. "पाच मिनिटं इंडिकेटर दिला आणि वळला नाहीच. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमले. नापास."

मग बाळंतवाली. तिने बाबांचा हात धरला, मान कलती केली आणि वॉर्डातल्या सवयीने गोड हसून, लाडात आलेल्या आवाजात सांगितलं की उपचारांचा आता उपयोग नाही. तिच्या तोंडून ते इतकं आनंदाचं वाटलं की बाबांनी विचारलं, "मुलगा की मुलगी?" ब्रदर फिसकन हसला. स्वयंपाकघरात बाईसुद्धा हसल्या, कितीतरी दिवसांनी. "ब्रेक लावायच्या जागी गाणं लावलंस," बाबा म्हणाले. "नापास. पण हात ऊबदार आहे तुझा, तेवढा तसाच ठेव."

तिसरी आयसीयू. तिने पाकिटातून कार्ड काढलं, अर्धं बाबांना दिलं, अर्धं स्वतः वाचलं आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?" तिने विचारलं.

बाबांनी चष्मा सारखा केला आणि चिठ्ठीतून वाचायला सुरुवात केली. "अंगाला खाज सुटते. दोन महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. लघवी काळ्या चहासारखी होते. जेवणाआधी हिरव्या डबीतल्या दोन गोळ्या..."

बाई ट्रे घेऊन दारात आल्या त्या हिरव्या डबीपाशी. ती डबी खिडकीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. ट्रेमधल्या कपबशा वाजू लागल्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "हे कार्ड नको, हे चुकून..."

बाबांनी मान न वळवता हात वर केला. हा हात एकतीस वर्षांत शेकडो लोकांनी पाहिला होता. "परीक्षा चालू आहे," ते म्हणाले. ब्रदरनेही मोठ्या डोळ्यांनी बाईंकडे पाहिलं, कारण नियम त्यांचाच होता. बाईंना वाटलं, ट्रे टाकून द्यावा, म्हणजे निदान आवाज तरी होईल. त्यांनी तो घट्ट धरून ठेवला.

"मुलगा परदेशी," बाबा वाचत होते, पण आता एकेक शब्द सावकाश. "तो म्हणतो, शक्य ते सगळं करा. मुलगी ग्रंथपाल, जवळ राहते. घरच्यांनी पेशंटला सूज आहे असं सांगितलं आहे." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या चिठ्ठीत एवढंच आहे. खरं काय ते तुझ्या चिठ्ठीत असेल. सांग."

आयसीयूने मान वर केली. तिची नजर खिडकीतल्या डबीवर गेली, तिथून बाबांच्या डोळ्यांकडे, तिथून दारातल्या बाईंकडे. तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. ती उठून जाऊ शकली असती. रोज आयसीयूच्या दाराबाहेर नातेवाइकांसमोर उभं राहणारी मुलगी ती, बसून राहिली.

"तुम्हाला कॅन्सर आहे," ती म्हणाली. तिचं इंग्रजी अगदी साधं होतं. "तो पसरलाय. बरा होणार नाही. तुम्ही मरणार आहात."

आणि ती गप्प बसली. बाई सवयीने मोजू लागल्या. सात झाले, कुणी बोललं नाही. दहा झाले. बाळंतवालीला वाटलं नाटक फार छान चाललंय, तिने डोळे पुसले.

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"काही आठवडे. फार तर दोन-तीन महिने. नक्की कुणालाच सांगता येत नाही."

"आणि सोमवारी काय आहे? माझ्या चिठ्ठीत नुसताच सोमवार लिहिलाय. तीन दिवसांची तपासणी?"

"तपासणी नाही. ऑपरेशन. घरच्यांनी तुम्हाला तपासणी म्हणून सांगितलंय."

बाबांचा जबडा हलला. "शुद्धीवर असेन नंतर?"

हे कार्डात नव्हतं. आयसीयूने कार्ड मांडीवर उलटं ठेवलं. "मी नऊ वर्षं त्या खोलीत काम करते. बराच वेळ नसाल. घशात नळी असेल, म्हणून बोलता येणार नाही. हात बांधावे लागतात कधीकधी, कारण माणसं नळी ओढतात. थोडे दिवस वाढतील कदाचित. पण ते तिथलेच."

तिने स्टूल थोडं पुढे ओढलं. "तुम्हाला काय हवंय?"

दोन महिन्यांत हा प्रश्न बाबांना कुणीच विचारला नव्हता. त्यांना काय हवंय सोडून बाकी सगळं विचारून झालं होतं: भूक, झोप, पोट साफ झालं का. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"समोरच्या घरातला तो इसम," ते म्हणाले, "रोज साडेआठला गाडी मागे घेताना खांबाला घासतो. तो खांब पडलेला बघायची फार इच्छा होती. ते काही जमेलसं दिसत नाही." मग ते सरळ झाले. "दुखू नये. नळ्या नकोत. मला माझ्या पलंगावर मरायचंय. आणि मी जिवंत आहे तोवर माझ्याशी मी आहे असं समजून बोलावं."

घंटी वाजली. बाबांनी पॅड उचललं, पेन्सिलीने एक रेघ मारली आणि म्हणाले, "पास."

"पण आजोबा, व्याकरणात तीन चुका होत्या," ब्रदर म्हणाला.

"गाडी पोचली," बाबा म्हणाले.

चहा कुणी नीट प्यायला नाही. बाळंतवाली आणि ब्रदर आजोबांच्या अभिनयाचं कौतुक करत जिना उतरले. आयसीयू मागे रेंगाळली. दारात तिने बाईंचा हात धरला आणि म्हणाली, "मॅडम, मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मध्ये थांबणं जास्त वाईट होतं."

"हो," बाई म्हणाल्या. सातवा धडा सतरा वर्षं शिकवत होत्या त्या.

त्या आत आल्या तेव्हा बाबा तीच चिठ्ठी पुन्हा वाचत होते.

"टपाल कारकून," ते म्हणाले. "एकतीस वर्षं जीव मुठीत धरून लोकांच्या शेजारी बसलो, आणि तू मला टपालात घातलंस."

"बाबा, मी ते..."

"किती प्रती छापल्यास?"

"तीस."

"तीस." बाबांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "म्हणजे माझं पोट फाडायचं ठरलंय हे डॉक्टरला माहीत, दादाला माहीत, तुला माहीत, छापखान्यातल्या माणसाला माहीत. मी तेवढा राहिलो होतो."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या शेजारच्या खाटेच्या कडेला बसल्या आणि जुन्या सवयीने सुरुवात केली. "डॉक्टर म्हणाल्या की सूज जरा..."

"पोरी, सूज पुरे आता." बाबा दमले होते, एकेक वाक्य श्वास घेऊन बोलत होते. "रोग मला माहीत होता. ती हिरवी डबी घेऊन मीच गेलो होतो औषधाच्या दुकानात, हे कशाचं आहे म्हणून. दुकानदार एरवी माझ्याशी तासभर वाद घालतो. त्या दिवशी त्याने मला खुर्ची दिली. तेव्हाच कळलं. मी बोललो नाही, कारण तू सूज म्हणताना इतकी घाबरलेली दिसायचीस की म्हटलं, चालू दे. पण सोमवार मला माहीत नव्हता. मी सोमवारी स्वेटर घालून तुझ्याबरोबर टॅक्सीत बसणार होतो, तीन दिवसांचे कपडे घेऊन. याचा मला राग आला आहे. फार राग आला आहे."

बाई रडू लागल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली, अगदी नको त्या वेळी, सुटल्यासारखंही वाटत होतं.

"रड, पण आधी सांग," बाबा म्हणाले.

"काय सांगू? सगळं ऐकलंत तुम्ही."

"ऐकलं ते परक्या पोरीकडून, आणि इंग्रजीत. इंग्रजीत काय, तुम्ही फळाभर मरता. तू सांग. आपल्या भाषेत, माझ्याकडे बघून. नाहीतर रात्री दादाचा फोन येईल, तू परत सूज म्हणशील, आणि उद्या सकाळी मी टॅक्सीत असेन."

ते खरं होतं. बाईंना स्वतःची चांगलीच ओळख होती. त्यांनी पदराने नाक पुसलं.

"बाबा, तुम्ही आता... जाणार आहात."

"कुठे?"

"बाबा, असं करू नका ना."

"मी विचारतोय. मुक्काम किती दिवसांचा?"

शब्द चार अक्षरांचा होता. तो त्यांनी लहानपणापासून हजारदा वापरला होता, झुरळांबद्दल, गर्मीबद्दल, मरणाची भूक लागली म्हणून. समोर बसलेल्या माणसाला तो कधी लावला नव्हता. बाबा वाट बघत होते. मदत करायची नाही, ही त्यांची जुनी खोड होती.

"मरणार आहात," बाई म्हणाल्या. "तुम्ही मरणार आहात, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. त्यांची हनुवटी थरथरली आणि त्यांनी ती लपवली नाही. बाईंना वाटलं होतं, हे बोललं की घर अंगावर येईल. फ्रिज गुरगुरत होता, जिन्यात कुणाची तरी चप्पल वाजत होती, आणि बाबा अजून होते तिथेच, पलीकडे, हाताच्या अंतरावर.

"आता दादाला फोन लाव," बाबा म्हणाले.

"तुम्ही बोला त्याच्याशी. तुमचं ऐकेल तो."

"मी कसा बोलणार? मला तर काही माहीतच नाही."

तेव्हा मात्र बाईंना रडता रडता हसू फुटलं. त्यांनी फोन लावला. दादाने उचलल्या उचलल्या विचारलं, सोमवारची तयारी झाली का, रक्ताचे रिपोर्ट घेतलेस का, खोली खिडकीजवळची मागितलीस का. बाईंनी त्याला संपू दिलं.

"दादा, सोमवारी आम्ही जात नाही आहोत," त्या म्हणाल्या. "बाबांना सगळं सांगितलंय. त्यांना ऑपरेशन नको. ते घरी राहणार."

पलीकडून मग जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. तू हात टेकलेस. तुला कंटाळा आला. तिथे बसून तू त्यांची उमेद मारलीस, आणि त्या डॉक्टरीणबाईंना काय कळतंय, इथे एक नवं औषध आलंय. बाई ऐकत होत्या. दुसऱ्या कुठल्याही रविवारी त्या इथपर्यंत येऊन 'बरं, बघू' म्हणाल्या असत्या. 'बरं, बघू'वर त्यांचं आणि दादाचं सगळं आयुष्य गेलं होतं. समोर बाबा डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते.

"नाही, दादा," बाई म्हणाल्या. "सही माझी लागते आणि मी ती करणार नाही. बाबा मरणार आहेत. ऑपरेशन केलं तरी मरणार आहेत, फक्त तिथे, हात बांधून. त्यांना इथे मरायचंय."

"तुला बोलवतं कसं असं?" दादा म्हणाला.

"नाही बोलवत. पण सांगतेय. तू आत्ता निघ. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून येतो म्हणालास तर कदाचित भेट होणार नाही."

पलीकडून एका पन्नाशीच्या माणसाने नाक ओढल्याचा आवाज. "येतो," दादा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, अगदी लहान आवाजात, "पण छोटे, आल्यावर मी त्यांच्याशी बोलू काय? काय म्हणायचं असतं अशा वेळी?"

सतरा वर्षं हेच शिकवून पोट भरणाऱ्या बाईंनी विचार केला. त्यांना त्यातलं एकही वाक्य दादाच्या तोंडी घालावंसं वाटेना. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि बाबांना विचारलं, "तो विचारतोय, आल्यावर बोलू काय."

"बोलू नको म्हणावं," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "बोलणारे खूप झाले. माझे पाय दुखतात, ते दाबायला ये म्हणावं."

बाईंनी तसंच्या तसं सांगितलं. दादा हो म्हणाला, दोनदा म्हणाला. फोन ठेवून त्या उठल्या, स्टूल ओढून आरामखुर्चीसमोर बसल्या आणि बाबांचा एक पाय उचलून मांडीवर घेतला. तो वाटला त्याहून हलका होता. मोजा काढताना त्यावर मोज्याचे वळ उठलेले दिसले. त्या घोट्यापासून दाबू लागल्या.

"बाबा," त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "भीती वाटते?"

"वाटते," बाबा म्हणाले. "जरा जोरात दाब."